कंपनी कुठं नोंदवायची? सांगली-सातारकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या छोट्या ऑफिसात मी कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करते. माणसं कुपवाड, पलूस, तासगाव, विटा, कराड, वाई अशी चहूकडून येतात. कुणाचं फाउंड्रीचं काम, कुणाचा बेदाणा, कुणाचं सॉफ्टवेअर. धंदा कसला करायचा हे घरून ठरवून आलेले असतात, पण खुर्चीत टेकल्यावर पहिला प्रश्न जागेचा निघतो: "मॅडम, कंपनी पुण्यात काढू की इथंच?" विचारताना आवाज जरा खाली जातो, जणू इथला पत्ता सांगणं कमीपणाचं आहे. हा संकोच घालवावा असं मला फार वाटतं, म्हणून नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं लिहून ठेवली आहेत.

कंपनी सांगलीत नोंदवली काय आणि पुण्यात नोंदवली काय, फरक काय पडतो?

कायद्याच्या बाजूनं जवळजवळ काहीच नाही. कंपनी कायदा 2013 देशभर एकच आहे. अर्ज 'स्पाइस प्लस' या ऑनलाइन फॉर्मवर भरायचा आणि तो तपासला जातो हरियाणातल्या मानेसरला, केंद्रीय नोंदणी केंद्रात. पुढचा सगळा कारभार कंपनी निबंधकांकडे, म्हणजे आरओसीकडे. सांगली, सातारा आणि पुणे हे तिन्ही जिल्हे पुण्याच्याच आरओसीखाली येतात. पत्ता कुपवाडचा दिला किंवा कोथरूडचा दिला, फाइल त्याच दारात जाते. आयकराचा दर तोच. मुद्रांक शुल्क राज्याचं, तेही तेच: 2024 पासून महाराष्ट्रात भागभांडवलाच्या 0.3 टक्के, त्याआधी 0.2 होतं. दहा लाखांच्या भांडवलाला तीन हजार रुपये, मग ऑफिस शनिवार पेठेत असो की गणपती पेठेत.

कंपनीला जो 21 अक्षरी ओळख क्रमांक मिळतो तो एकदा नीट बघा. त्यात राज्याची दोन अक्षरं असतात, एमएच. गावाचं नाव त्यात कुठंच नसतं.

मग रजिस्टर्ड ऑफिसच्या पत्त्याला महत्त्व कशासाठी?

सरकार, बँक, न्यायालय आणि पैसे मागणारा माणूस, हे सगळे तुम्हाला ज्या पत्त्यावर शोधत येतात तो हा पत्ता. तिथं पाठवलेली नोटीस कायद्यानं तुम्हाला पोहोचली असं धरलं जातं. तुम्ही ती वाचली की नाही हा तुमचा प्रश्न. म्हणून मी प्रत्येकाला एकच विचारते: त्या पत्त्यावर पोस्टमन आला तर दार कोण उघडणार? ज्या पत्त्यावर याचं उत्तर "आई असते घरी" किंवा "आमचा मुनीम असतो" असं मिळतं, तो पत्ता चांगला.

खरा घोटाळा वेगळाच असतो. लोक तीन जागा एकात मिसळतात. रजिस्टर्ड ऑफिस ही एक जागा. माल बनतो, साठतो, विकला जातो ती दुसरी. जीएसटी, कामगार कायदे आणि सरकारी सवलती तिच्यामागे जातात. आणि धंद्याचे निर्णय जिथं बसून घेतले जातात ती तिसरी. परदेशाचा विषय निघाला की आयकर खातं तिच्याकडे बघतं. पुढची बहुतेक उत्तरं या तिन्ही वेगळ्या ठेवल्या तरच कळतील.

पण पुण्याचा पत्ता असला की गिऱ्हाईक जास्त विश्वास ठेवतं ना?

काही धंद्यांत ठेवतं, हे मी नाकारत नाही. सॉफ्टवेअरची कामं घेणाऱ्या, सल्ला देणाऱ्या किंवा गुंतवणूक शोधणाऱ्या कंपनीला भेटीगाठींसाठी पुण्यात जागा असलेली बरी. पण त्यासाठी रजिस्टर्ड ऑफिस पुण्याला न्यायची गरज नाही. ऑफिस भाड्यानं घ्या, जीएसटीत जादा जागा म्हणून जोडा. राज्य एकच असल्यानं जीएसटी क्रमांकही एकच राहतो.

यंत्राचे सुटे भाग, ओतकाम, बेदाणा, हळद या धंद्यांत तर उलटं दिसतं. इथल्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. हळद विकणाऱ्याच्या बिलावर 'सांगली' छापलेलं असणं हीच त्याची पत. परगावचा व्यापारी सांगलीच्या हळदीची चौकशी करतो तेव्हा बिलावर बाणेर वाचून त्याला कुठला दिलासा मिळणार?

इतिहासही हेच दाखवतो. बेळगावात नगरपालिकेच्या योजनेसाठी जागा सोडायची वेळ आली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड (आजचं किर्लोस्करवाडी) स्टेशनाजवळचा 32 एकर माळ दिला. 1910 साली निवडुंग काढून तिथं कारखाना उभा राहिला. जमीन, राजाचा पाठिंबा आणि दारात रेल्वे, या तीन गोष्टी बघून त्यांनी जागा पत्करली. किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली ती त्यानंतर दहा वर्षांनी, 1920 मध्ये. आज त्या कंपनीचं रजिस्टर्ड ऑफिस पुण्यात आहे आणि कारखाना अजून किर्लोस्करवाडीत चालू आहे. कामाची जागा आधी ठरते, कागदावरची जागा मागून येते, हा क्रम मला त्यातून दिसतो.

घर आजोबांच्या नावावर आहे, लाइट बिलही त्यांच्याच नावानं येतं. चालेल का?

हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा अडथळा, आणि तो पुण्याला पत्ता घेऊन सुटत नाही. घराचा पत्ता रजिस्टर्ड ऑफिस म्हणून चालतो, भाडं घ्यावंच असंही नाही. लागतं ते मालकाचं नाहरकत पत्र आणि दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं लाइट, फोन किंवा गॅसचं बिल. आजोबा हयात असतील तर त्यांची सही घ्या, काम संपलं.

आजोबा वारले असतील आणि बिल अजून त्यांच्या नावानं येत असेल तर मात्र आधी घर आवरा. ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा कर आकारणीचा उतारा कुणाच्या नावावर आहे, वारसनोंद झाली आहे का, हे बघा. नाहरकत द्यायचा हक्क ज्यांच्याकडे आला त्या सगळ्यांच्या सह्या लागतील, त्यात लग्न होऊन गेलेल्या आत्याही आल्या. पुष्कळ घरांत हा विषय वर्षानुवर्षं कुणी काढलेलाच नसतो. कंपनीच्या निमित्तानं तो निघतो आणि कधी मनं दुखावतात. माझा सल्ला असा की अशा वेळी भाऊबंदकीत शिरू नका. एमआयडीसीतल्या ओळखीच्या गाळ्यात छोटी खोली रीतसर भाडेकरारानं घ्या आणि घराची वारसनोंद सावकाश, गोडीनं करा.

दोन-तीन हजारांत पुण्या-मुंबईचा 'व्हर्च्युअल' पत्ता, म्हणजे जागा न वापरता नुसता भाड्यानं घेतलेला पत्ता, मिळतो. घेऊ का?

माझं मन याला तयार होत नाही, आणि त्यामागे एक अनुभव आहे. कुपवाडचे दोन सख्खे भाऊ. काम चोख, ऑर्डरी हातात. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी मोठ्या शहरातला असा एक पत्ता घेतला. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचे पैसे भरायचे राहिले आणि त्या जागेवाल्यानं त्यांची पत्रं स्वीकारणं थांबवलं. वार्षिक विवरणपत्रंही भरायची राहिली होती, त्याबद्दल आलेली पत्रं परत गेली. कंपनीचं नाव नोंदवहीतून काढलं गेलं हे त्यांना कळलं ते बँकेनं खातं थांबवल्यावर. दिवाळीचे पगार द्यायचे होते. धाकट्या भावानं बायकोचे दागिने गहाण टाकून ते दिले. कंपनी परत नोंदवहीत आणायला कंपनी न्यायाधिकरणात जावं लागलं आणि कित्येक महिने गेले. पत्रं कुपवाडला आली असती तर पहिलंच पत्र त्यांच्या आईनं उघडून मुलांच्या हातात दिलं असतं.

2019 च्या दुरुस्तीनंतर निबंधकांना जागेवर येऊन पाहणी करण्याचा अधिकार आहे. तिथं खरोखर कंपनीचं कामकाज, कागदपत्रं, पाटी काहीच सापडलं नाही तर नाव काढण्याची कारवाई होऊ शकते. सगळेच असे पत्ते खोटे असतात असं मी म्हणत नाही. जिथं टेबल आहे, माणूस आहे, टपालाची नोंद ठेवली जाते, तिथं घ्यायला हरकत नाही. पण मग तो दोन हजारांत मिळत नाही.

आम्ही म्हैसाळचे. दोन पावलांवर कर्नाटक. कागवाडला नोंदवली तर फायदा आहे का?

मिरज-म्हैसाळ-जतच्या लोकांना हा प्रश्न साहजिक आहे. सोयरीक तिकडे, शेत तिकडे, बाजार इकडे. नोंदणीच्या वेळचं मुद्रांक शुल्क राज्याराज्यांत वेगळं असतं, त्यात थोडाफार फरक पडेल. तो एकदाच. मागून येणारा ताप मात्र दर महिन्याचा आहे.

जीएसटी प्रत्येक राज्यात वेगळा काढावा लागतो, आणि तो माल जिथून पुरवता त्यावर ठरतो. कंपनी कागवाडची आणि माल कुपवाडच्या गाळ्यातून जाणार असेल तर महाराष्ट्राचा जीएसटी लागेलच. दोन्हीकडे जागा ठेवली तर दोन क्रमांक, दोन्हींची विवरणपत्रं, आणि एका गोदामातून आपल्याच दुसऱ्या गोदामात माल हलवतानाही करासह बिल करावं लागतं, कारण कायदा त्या दोन नोंदण्यांना दोन वेगळ्या व्यक्ती मानतो. भरलेला कर वजावटीत परत मिळतो, पण तोवर तेवढे पैसे अडकून बसतात. लहान धंद्याचा श्वास तिथंच कोंडतो. शिवाय कंपनीची फाइल बेंगळुरूच्या आरओसीकडे जाते.

ऊस, द्राक्ष, गूळ जर खरंच पलीकडे तयार होत असेल, कामगार पलीकडचे असतील, तर तिकडे नोंदवा, बेलाशक. नुसत्या शुल्कासाठी नको.

मागास तालुक्यात कंपनी नोंदवली तर सरकारी अनुदान जास्त मिळतं म्हणे?

कंपनी नव्हे, कारखाना तिथं असावा लागतो. महाराष्ट्राच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट पाडलेले असतात आणि सवलत ठरते ती गुंतवणूक कुठल्या तालुक्यात उभी राहिली यावर. रजिस्टर्ड ऑफिस सांगलीत ठेवून कारखाना दुसऱ्या तालुक्यात काढला तरी सवलत त्या तालुक्याप्रमाणे मिळते. जागा घेण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन आपल्या तालुक्याचा गट आणि सध्याची योजना विचारा. जागा घेऊन झाल्यावर विचारायला येणारे बरेच असतात, तेव्हा मला काही करता येत नाही.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचंही असंच. सर्वसाधारण गटाला शहरी भागात 15 टक्के आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान आहे. मात्र ही योजना व्यक्तीसाठी आहे. आधी प्रायव्हेट लिमिटेड काढून मग या अनुदानामागे धावलात तर दार बंद मिळेल. क्रम उलटा ठेवा.

'स्टार्टअप इंडिया'ची मान्यता मिळायला मोठं शहर लागतं का?

नाही. गावाचा प्रश्नच तिथं येत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी भारतात नोंदलेली हवी आणि कामात काही नवं हवं.

मुलगा म्हणतो, थेट अमेरिकेत, डेलावेअरला काढूया. बरोबर आहे का?

मुलगा काय बनवतो आणि पैसे कोण देणार आहे, हे आधी सांगा. कारण डेलावेअरची कीर्ती खरी आहे. तिथलं चॅन्सरी कोर्ट 1792 पासूनचं, कंपन्यांचे वाद ज्युरीशिवाय, त्या विषयात मुरलेले न्यायाधीश सोडवतात. अमेरिकन गुंतवणूकदाराला तो कायदा तोंडपाठ असतो. त्यामुळे तो पैसे घालायला तयार असेल आणि डेलावेअरच हवं म्हणत असेल, तर तो विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

पण पैसे घालणारा कुणी अजून नाही, गिऱ्हाईकही नाही, नुसतं यूट्यूबवर पाहिलं म्हणून काढायची असेल तर थांबा. तिथं धंदा झाला नाही तरी खर्च होतो. कॉर्पोरेशनला दर वर्षी किमान 175 डॉलरचा फ्रँचाइझ कर (तिथं कंपनी ठेवल्याबद्दलचा कर) आणि 50 डॉलर विवरणपत्राचे, एलएलसीला (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीला) 300 डॉलर, वर तिथल्या नोंदणीकृत एजंटाची फी. एकाच परदेशी मालकाची एलएलसी असेल तर अमेरिकन आयकर खात्याला 5472 नंबरचा फॉर्म द्यावा लागतो, उत्पन्न शून्य असलं तरी. तो राहिला तर दंड 25,000 डॉलर. कारंदवाडीच्या पोरानं हौसेनं काढलेल्या कंपनीला हा दंड म्हणजे बापाच्या दोन एकरांची किंमत.

इकडचे नियम त्याहून कडक. परदेशी कंपनीत भाग घेणं म्हणजे परकीय चलन कायद्याखाली परदेशात केलेली थेट गुंतवणूक. बँकेमार्फत आधी फॉर्म भरून क्रमांक घ्यायचा, मग पैसे पाठवायचे. वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, तिथपर्यंत आपल्यापैकी कुणी जात नाही. अडचण दुसरीच आहे. 2022 च्या नियमांप्रमाणे भारतात राहणाऱ्या व्यक्तीचं ज्या परदेशी कंपनीवर नियंत्रण आहे, तिला पुढे उपकंपनी असता कामा नये. म्हणजे वर डेलावेअरची कंपनी, तिच्याखाली सांगलीची कंपनी, आणि मालक सांगलीत बसलेला, ही मुलांना आवडणारी रचना घरबसल्या करता येत नाही. हे कळतं तेव्हा बहुधा दोन्ही कंपन्या काढून झालेल्या असतात.

शिवाय परदेशातली मालमत्ता दर वर्षी आयकर विवरणात दाखवावी लागते. 20 लाखांच्या वरची परदेशी मालमत्ता दाखवायची राहिली तर काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्यात दहा लाखांचा दंड आहे.

पण परदेशात कंपनी काढली की कर तरी वाचतो ना?

निर्णय सांगलीत बसून घेता, कोड सांगलीत लिहिता, तर कर वाचेल असं धरू नका. परदेशी कंपनीचा कारभार प्रत्यक्षात भारतातून चालत असेल तर आयकर कायदा तिला भारतातली रहिवासी कंपनी मानू शकतो. वर्षाला 50 कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना या तरतुदीतून सूट दिलेली आहे, हे खरं. पण इथं होणाऱ्या कामातून जो नफा येतो त्यावर हक्क सांगायला खात्याकडे दुसरे मार्ग आहेत. दुबईचं नाव निघतं म्हणून सांगते, तिथंही जून 2023 पासून 9 टक्के कंपनी कर आला आहे. सिंगापूरचा दर 17 टक्के, आणि तिथला रहिवासी संचालक लागतो. भारतातली कंपनी सवलती सोडून 22 टक्क्यांचा दर निवडू शकते, अधिभार-उपकर धरून तो 25.17 पडतो. तिथल्या आणि इथल्या दरातला फरक तिथले वकील आणि हिशेबनीस खाऊन टाकतात.

मोठ्यांचं बघा. फोनपेनं 2022 मध्ये आपली मूळ कंपनी सिंगापूरहून भारतात हलवली, आणि त्यापायी तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे 8,000 कोटी रुपये कर भरावा लागला. बाहेर जाणं स्वस्त असतं, परतीचं तिकीट महाग.

आज इथं नोंदवली, उद्या मोठी झाली तर पत्ता बदलता येतो का?

येतो, आणि म्हणूनच मी म्हणते की सुरुवातीला यावर रात्री जागवू नका. सांगली शहरातल्या शहरात हलायचं तर संचालक मंडळाचा ठराव आणि 30 दिवसांत पत्ताबदलाचा आयएनसी-22 फॉर्म, बस. सांगलीहून साताऱ्याला किंवा पुण्याला जायचं तर आरओसी तीच राहते, फक्त भागधारकांचा विशेष ठराव वाढतो. दोघे भाऊच भागधारक असतील तर हे आठवड्याभराचं काम. मुंबईला न्यायची झाली तर राज्य तेच पण आरओसी बदलते, तेव्हा प्रादेशिक संचालकांची (निबंधकांच्या वरच्या केंद्र सरकारी अधिकाऱ्यांची) परवानगी लागते.

राज्य ओलांडायचं तर मात्र दमछाक आहे. विशेष ठराव, वर्तमानपत्रात दोन भाषांत जाहिरात, कंपनीकडून पैसे येणं असलेल्यांना नोटिसा, राज्य सरकारला प्रत, प्रादेशिक संचालकांचा आदेश, दोन्ही आरओसीकडे नोंद, आणि शेवटी ओळख क्रमांकसुद्धा नवा. बिलं, करार, बँक, सगळीकडे बदल. तेव्हा जिल्हा चुकला तर दुरुस्त होतो. राज्य आणि देश निवडताना मात्र पूर्ण विचार करा, घाई नको.

भांडण झालं तर कुठल्या कोर्टात जावं लागेल?

भागीदारांचं कंपनीच्या कारभारावरून भांडण झालं तर मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावची कंपनी असो. गिऱ्हाइकाकडची थकबाकी किंवा करारभंग हे वेगळं, तिथं करारात काय लिहिलंय ते महत्त्वाचं. म्हणून करारात 'सांगली न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात' ही ओळ घालायला विसरू नका. आणि 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय, सांगली-सातारा त्यात येतात. वकिलाला भेटून संध्याकाळी घरी परत येता येतं. इतकी वर्षं मुंबईच्या लॉजमध्ये रात्री काढलेल्या माणसांना याची किंमत विचारा.

मला मुळात कंपनीच हवी का?

हळदीची अडत किंवा एकट्याचं वर्कशॉप असेल तर कदाचित नको. एकट्याच्या मालकीचा धंदा, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि जीएसटी यावर बरीच वर्षं निघतात. उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका. दहा-बारा बेदाणा उत्पादक एकत्र येत असतील तर उत्पादक कंपनीचा विचार करा, तिला किमान दहा शेतकरी लागतात. बाहेरचा माणूस भांडवल घालणार असेल, मोठं कर्ज घ्यायचं असेल किंवा मोठे कारखानदार लिमिटेड कंपनीशिवाय ऑर्डर देत नसतील, तेव्हा प्रायव्हेट लिमिटेड.

नोंदणी झाली. आता पत्त्याचं काही राहिलं का?

राहिलं. नोंदणीपासून 30 दिवसांत रजिस्टर्ड ऑफिस ठरलेलं असलं पाहिजे. 180 दिवसांच्या आत भागधारकांचे पैसे खात्यात जमा झाल्याचं दाखवून आयएनसी-20ए, म्हणजे धंदा सुरू करत असल्याच्या घोषणेचा फॉर्म, भरा. हे विसरणारे दर महिन्याला भेटतात आणि कंपनीला 50,000 रुपये दंड बसतो. वार्षिक सभा रजिस्टर्ड ऑफिसच्या गावातच घ्यायची असते, सगळ्या भागधारकांनी आधी लेखी संमती दिली तर भारतात दुसरीकडे चालते.

आणि दारावर पाटी लावा. कंपनीचं नाव आणि पत्ता ठळक अक्षरांत, इंग्रजीत लिहिलं असेल तर मराठीतही, कारण स्थानिक भाषेतली पाटी कंपनी कायद्यालाच हवी आहे. पाटी नसेल तर दिवसाला हजार रुपयांप्रमाणे दंड लागतो. पलूसचा एक मुलगा प्रमाणपत्र घेऊन गेला त्याच संध्याकाळी त्यानं मला फोटो पाठवला: घराच्या ओसरीवर, आजीच्या तुळशीकट्ट्याच्या वरच्या भिंतीला, निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत कंपनीचं नाव, खाली मुक्काम पोस्ट पलूस, जिल्हा सांगली.